मशीन कोण चालवणार

पिकअपचा हौदा आमच्या फुलांनीच खाल्ला. फूल म्हटलं की लोकांना हलकी वस्तू वाटते. मोगऱ्यासारख्या काकड्याच्या ओल्या कळ्यांची पोती पहाटे भरून चार वर्षं नांदेडच्या बाजारात नेऊन बघावीत, म्हणजे कळतं. पोत्यांतून पाणी गळायचं, पत्र्याच्या जोडात जाऊन बसायचं आणि पत्रा आतून कुजत जायचा. वरून रंग शाबूत. यंदा आषाढात सिंधूचा, म्हणजे माझ्या बायकोचा, पाय हौद्यातून आरपार खाली गेला. नडगी सोलून निघाली तिची. तरी डोक्यावरचं पोतं तिने सोडलं नाही. तशीच अडकून उभी राहिली आणि मला म्हणाली, "आता तरी बघा वर येऊन. का मी सगळी खाली गेल्यावर बघनार?"

मुदखेडच्या गॅरेजवाल्याने वाकून पाहिलं आणि गाडी पंधरा दिवस सोडायला सांगितली. पंधरा दिवस! काकडा रोज तोडावा लागतो. आजची कळी उद्या उमलते आणि उमललेलं फूल बाजारात कुणी फुकट घेत नाही. मी गाडी तशीच परत आणली, हौद्यात एक जुनं दार आडवं टाकलं आणि त्यावर पोती रचायला लागलो.

दोन दिवस ते दार बघून गीतांजली जेवताना म्हणाली, "बाबा, हौदा मी करते की. घरीच. दुपारून गाडी मोकळीच असती. आज हा कोपरा, उद्या तो कोपरा, असं थोडं थोडं बदलू. फकस्त मशीन लागंल."

गीतांजली आमची एकुलती. विसावं सरून एकविसावं लागलेलं. तालुक्याच्या आयटीआयमधून तिने वेल्डर ट्रेड केला. वीस पोरांत ती एकटी पोरगी, आणि परीक्षेत पहिली. हे मी आत्ता सांगतोय तसं तेव्हा कुणाला सांगत नव्हतो. पोरीने काय केलं असं कुणी विचारलं की मी म्हणायचो, आयटीआय. कशात विचारलं की म्हणायचो, कॉम्प्युटर. वेल्डर म्हटलं की समोरचा आधी तिच्या हाताकडे बघणार आणि मग माझ्या तोंडाकडे, हे मला नको होतं. तिच्या मनगटावर ठिणग्यांचे बारीक डाग होते. पाहुण्यारावळ्यांत सिंधू ते 'भजी तळताना तेल उडालं' म्हणून सांगायची. गीतांजली ऐकून घ्यायची आणि हसायची. तेव्हा हसायची.

चाकणच्या एका कंपनीने तिला आयटीआयमध्येच निवडलं होतं. तिने नकार कळवला. तिच्या डोक्यात दुसरंच होतं. रस्त्याकडेच्या आमच्या पट्टीत पत्र्याचं शेड टाकायचं आणि फुलं वाहणाऱ्या गाड्यांचे हौदे करायचे. आत खण पाडलेले, तळाला जाळी, म्हणजे पाणी खाली जाईल आणि वरच्या पोत्याने खालची फुलं चेंगरणार नाहीत. वहीत चित्रं काढली होती तिने, मापांसकट. "आधी आपली गाडी करते," ती म्हणायची, "ती बाजारात उभी राहिली की चौघं विचारतील." आमच्या भागात फुलांच्या गाड्या काय कमी आहेत? मला पटलं होतं. मनातून आनंदही झाला होता, पोरगी घरी राहणार म्हणून.

मशीन आणायला आम्ही दोघं नांदेडला गेलो. पहाटेची फुलं उतरवली, हौदा झाडला आणि जुन्या मोंढ्याजवळच्या एका मोठ्या दुकानात शिरलो. गीतांजलीकडे वहीच्या पानावर यादी होती. वाटेत तिने मला सगळं समजावलं होतं. घरात सिंगल फेज लाईन, म्हणून मशीन सिंगल फेजचं, इन्व्हर्टरचं, एका हाताने उचलता येईल असं. मोठं मशीन थ्री फेजवर चालतं. ती लाईन आमच्या मळ्यातल्या विहिरीवरच, आणि तीही चार दिवस दिवसा तर तीन दिवस रात्री. हौद्याचा पत्रा पातळ, त्याला वेल्डिंगची बारा नंबरची बारीक कांडी. चार इंची ग्राइंडर, चार क्लॅम्प, एक गुण्या, डोक्यात अडकवायचा काळ्या काचेचा मुखवटा. आणि कातडी हातमोजे, लहान मापाचे. हे लहान मापाचे तिने दोनदा सांगितलं, कारण आयटीआयमध्ये सगळे हातमोजे पोरांच्या मापाचे होते आणि वर्षभर तिने ते बोटं वळवून वापरले.

दुकानदाराने तिने सांगितलेलं मशीन काउंटरवर ठेवलं. तिने विचारलं, "सलग किती वेळ चालतं हे? गरम होऊन बंद पडलं तर परत कव्हा चालू होतं?" त्याने उत्तर दिलं ते माझ्याकडे बघून. तिने कांडी धरायचा होल्डर हातात घेतला, तारेची जाडी बघितली, तर त्याने मला विचारलं, "पाटील, बिल कुणाच्या नावानं?" गीतांजलीला याची सवय असावी. ती आपली बघत राहिली.

तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या खांद्यावर हात टाकला. देगलूरचे आनंदराज. चैत्रात हे आपल्या भाच्यासाठी गीतांजलीला बघून गेले होते. मुलगा तिकडे बँकेत. होकार नव्हता, नकारही नव्हता. 'कळवतो' वर अडकलेलं होतं. त्यांना आम्ही काय सांगितलं होतं ते वेगळं सांगायला नको.

"अण्णाराव! हिकडं कुठं? वेल्डिंगच्या दुकानात?"

मी काहीतरी पुटपुटलो. आणि नेमकं त्याच वेळी दुकानदाराने विचारलं, "मशीन कोण चालवणार?"

गीतांजलीचं तोंड उघडलं होतं. मी ते बघितलं होतं. तरी तिच्या आधी मीच बोललो. "मी. मीच चालवणार. घरच्या गाडीचं काम हाय."

"तुमी?" आनंदराज मोठ्याने हसले. "बावन्नाव्या वर्षी? वा! अन् मग हे खेळनं कशाला घेऊन राहिले? गड्यानं घ्यावं तर गड्यासारखं घ्यावं."

दुकानदाराला तेवढंच हवं होतं. त्याने कोपऱ्यातल्या मशीनवरचं पोतं ओढलं. चाकांवरचं, ट्रंकेएवढं, दोघांना न हलणारं. तांब्याची वाइंडिंग, नातवापर्यंत चालेल, असं बरंच काही तो बोलला. मी मान डोलवत होतो. आनंदराज बघत होते ना.

गीतांजली माझ्या बाहीला धरून हळूच म्हणाली, "बाबा, थ्री फेज हाय ते. अन् पत्र्याला..."

"तू गप बस," मी म्हणालो. "तुला काय कळतंय त्यातलं?"

आनंदराजांना ऐकू जाईल इतकं मोठ्याने म्हणालो. ऐकू जावं म्हणूनच म्हणालो. तिने माझी बाही सोडली. हातातलं वहीचं पान तिने चार घड्या घालून पर्समध्ये ठेवलं. पुढे हातमोजे माझ्या पंजाला लावून बघितले, मुखवटा माझ्या डोक्यावर चढवून बघितला, कांड्या दुकानदाराने दिल्या त्या घेतल्या, दहा नंबरच्या, जाड. येताना ती पुढे बसली नाही. मशीन घरंगळेल म्हणाली आणि मागे त्या कुजक्या हौद्यात मशीनला धरून बसली. भोकरफाट्यापासून पाऊस लागला. मी दोनदा गाडी थांबवून पुढे ये म्हणालो. "असू द्या," म्हणाली.

सिंधूने मशीन बघितलं आणि मला एवढंच विचारलं, "हे तिनं सांगितलं व्हतं का?" मी वायर सोडवायला वाकलो.

घरात ते मशीन चालणार नव्हतंच. मळ्यात विहिरीजवळ, मोटारीच्या पेटीशेजारी लिंबाखाली ठेवलं. दुपारी लाईन असेल त्या दिवशी गाडी तिथे न्यायची. आनंदराज दुकानातून निघताना बोलून गेले होते, "येतो एकदा तुमचं काम बघाया, जाता-येता रस्त्यावरच हाय." त्यामुळे होल्डर मला हातात घेणं भाग होतं. आपणच बोलून बसलेलो.

गीतांजलीने पहिले दोन दिवस मला शिकवलं. राग काढला असता तर बरं झालं असतं. तिने शांतपणे शिकवलं. "आधी बॅटरीची तार काढा, न्हाई तर गाडीची वायरिंग जळंल." "गंजका पत्रा पुरता कापा, चकाकता पत्रा लागेस्तोवर घासा. गंजावर जोड बसत न्हाई." "कांडी थोडी तिरपी. आवाज ऐका, बाबा. भजी तळल्यावानी सारखा आवाज यायला पायजे. तुमचा तडतड करून राहिला." माझा तडतडच करत राहिला. कांडी पत्र्याला चिकटायची, उपटायला गेलो की गाडी हलायची, मग एकदम पत्र्याला भोक. मशीन कितीही कमी केलं तरी त्या पातळ पत्र्याला ते जास्तच होतं. दोन दिवसांत माझ्या शर्टाची चाळण झाली, आणि हौद्याचीही.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "द्या, एवढा जोड मी घेते." बारीक कांड्यांचा पुडा तिने कुठूनतरी मागवला होता. माझे हातमोजे तिने हातात चढवले, बोटांची टोकं रिकामी लोंबत होती. मनगटावर सुतळी बांधून घेतली. मुखवटा सैल, त्याच्या आत ओढणी दुमडून घातली. आणि सुरू केलं.

मी बाजूला उभा होतो. माझ्या घरात इतके दिवस वेल्डर होती आणि तिचं काम मी पहिल्यांदा बघत होतो. आवाज तिने सांगितला तसा आला, एकसारखा. हात घाईत नव्हता की थांबत नव्हता. दीड हात लांब जोड घेऊन तिने हातोडीने वरची खपली ठोकली, ब्रश मारला, तर खाली शिंप्याच्या टिपेसारखी ओळ निघाली, पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत एका मापाची. मला भरून आलं. मी तसं बोलणार होतो. खरंच बोलणार होतो.

बांधावर मोटरसायकलचा आवाज आला. आनंदराजांची पांढरी टोपी दिसली. ती दुसरी कांडी लावत होती. मी पुढे झालो आणि तिच्या हातातून होल्डर काढून घेतला.

"दे हिकडं," मी म्हणालो. "हातमोजे काढ. लवकर."

तिने मुखवटा वर केला. तोंड घामाने निथळत होतं. ती मनगटावरची सुतळी ओढू लागली. सुतळीची गाठ सुटेना तेव्हा मीच ती दाताने तोडली, असा मी बाप.

आनंदराज आले, हौद्याभोवती फिरले, माझ्या भोकांवरून त्यांची नजर गेली आणि त्या दीड हात जोडावर थांबली. त्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. "अरे वा, अण्णाराव! हात बसला की तुमचा!"

ती माझ्यामागे दोन हातांवर उभी होती.

"बसून राहिलाय हळूहळू," मी म्हणालो.

मग त्यांना काम बघायचं होतं. मी मागच्या फाळक्याची बिजागरी त्यांच्यासमोर जोडली. दहा नंबरची कांडी, मोठा करंट, भरपूर ठिणग्या. लोखंडाचा गोळा वर बसला आणि आनंदराज खूश झाले. गीतांजली घरी जाऊन चहा घेऊन आली, अंगभर ओढणी घेऊन, हात ओढणीत. कप देताना ते तिला म्हणाले, "पोरी, तू कॉम्प्युटरवाली. धुरात कशाला थांबतीस? डोळे खराब व्हतील." ती "हाव" म्हणाली.

डोळे माझे खराब झाले. सकाळी उघडता येईनात, पापणीखाली वाळू भरल्यासारखी. सिंधूने बटाट्याच्या चकत्या ठेवल्या. गीतांजली उशाशी बसून गार पाण्याची पट्टी बदलत होती.

"काच लावल्याबिगर बघितलं तुमी," ती म्हणाली. "मी करत व्हते तव्हा."

"तुझं काम बघून राहिलो व्हतो."

ती पट्टी पिळत होती. पाणी पातेल्यात पडलं. मला तिचं तोंड दिसत नव्हतं.

मग म्हणाली, "बिजागरी परत करावी लागंल. आत शिरलंच न्हाई, वरवर बसलंय."

"रंग मारलाय आता. राहू दे. धरंल ते."

पूर्वीची गीतांजली असती तर तिने ताबडतोब ग्राइंडर आणला असता आणि माझ्या नाकावर टिच्चून बिजागरी कापली असती. ती "बरं" म्हणाली आणि उठली. त्यानंतर ती मळ्यात काकडा तोडायला यायची, पण लिंबाखाली फिरकली नाही. हौदा अर्धा नवा, अर्धा जुना, तसाच राहिला. दुपारी मी तिला हाक मारायचो, ती कळ्या निवडत असायची. वही तिने कुठे ठेवली ते मला दिसलं नाही.

गणपतीच्या दिवसांत, फुलांना चढा भाव असताना, मुदखेडच्या रेल्वे फाटकात चाक रुळावरून उसळलं आणि फाळका एका बाजूने लोंबला. बिजागरी माझीच निसटली. वरवर बसलेला गोळा जसाच्या तसा उपटून आला होता. अकरा पोती रस्त्यावर. मागच्या गाड्यांचे हॉर्न, फाटकवाल्याच्या शिव्या, मोटरसायकली पोत्यांच्या फटीतून कळ्या तुडवत जाऊ लागल्या. सोबत आलेली सिंधू पदर खोचून रुळात उकिडवी बसली आणि ओंजळीने कळ्या भरू लागली. ओळखीचे चार जण भेटले. एकाने विचारलं, "कुनाकडून करून घेतलं हे काम, अण्णाराव?" मी मान खाली घालून पोतं ओढत राहिलो. सिंधू त्याला म्हणाली, "ह्यांनीच केलं. घरात चांगला हात असून ह्यांनीच केलं." तो माणूस समजल्यासारखं करून निघून गेला.

घरी आलो तर गीतांजली ओसरीवर बॅग भरत होती. आयटीआयच्या सरांशी बोलणं झालं होतं. चाकणच्या कंपनीत अजून जागा होती. आयटीआयमधली तिची मैत्रीण पुनम तिथे आहे, इलेक्ट्रिशियनवाली, तिच्या खोलीत सोय होणार होती. सोमवारी हजर व्हायचं.

"अन् शेड?" मी विचारलं.

ती घडी घालायची थांबली. "शेड टाकलं तर लोक यायचे, बाबा. इचारतील, काम कोन करतं. तव्हा तुमी काय सांगाल?"

प्रश्न सोपा होता. सरळ विचारला होता, टोमणा नव्हता त्यात. तिला उत्तर हवं होतं आणि एका शब्दाचं उत्तर पुरलं असतं. पण मला आधी आनंदराज आठवले. मग गल्लीतली माणसं, मग भावकी. किती वेळ गेला असेल? तांब्याभर पाणी प्यायला लागतो तेवढा. "सांगू की," मी म्हणालो, "बघू कसं..."

तिने घडी पुरी केली आणि साडी बॅगेत ठेवली. सिंधूची जुनी साडी, रात्री पांघरायला. सिंधू आत चुलीपाशी होती. तिला सगळं ऐकू गेलं होतं, पण ती बाहेर आली नाही.

रविवारी दुपारी लाईन होती. गाडी लिंबाखाली उभी होती. गीतांजली एकटी मळ्यात गेली. बिजागरी कापून नव्याने जोडली आणि दुसऱ्या बाजूचीही करून टाकली. मी बांधावर बसून होतो. जवळ जायला तोंड नव्हतं. काम संपल्यावर तिने मशीनवर ताडपत्री टाकली, वाऱ्याने उडू नये म्हणून चारी बाजूंनी दगड ठेवले आणि माझ्या शेजारून घरी गेली. "पावसात भिजू देऊ नका," एवढं म्हणाली.

सोमवारच्या हजेरीसाठी रविवारी रात्रीच निघायला हवं होतं, पण सरांनी एक दिवस वाढवून घेतला. सोमवारी सकाळी मी तिला नांदेडच्या बसस्टँडवर सोडलं. पुण्याची एसटी लागलेली. खिडकीच्या जागेवर तिची बॅग ठेवली. शेजारच्या सीटवर एक म्हातारी बाई बसली होती, मांडीवर डबा, लेकाकडे निघालेली असावी. गीतांजली पाण्याची बाटली घ्यायला खाली उतरली होती.

बाईने विचारलं, "कुटं निगाली लेक?"

"चाकणला. कंपनीत लागली."

"काय काम करती?"

"वेल्डर हाय," मी म्हणालो. "माझी पोरगी वेल्डर हाय." एसटीत सगळ्यांना ऐकू गेलं असावं. मी वाट बघत राहिलो, आता कोण वळून बघतंय, कोण काय म्हणतंय.

पुढच्या सीटवरचा माणूस पेपर वाचत होता, तो वाचत राहिला. कंडक्टर सुट्टे मोजत होता. म्हातारी म्हणाली, "बरं हाय की. हातात कला पायजे." आणि गीतांजलीच्या बॅगेला जागा व्हावी म्हणून स्वतःचा डबा उचलून पायाशी ठेवला.

एवढंच झालं. याच्यासाठी मी लेकीच्या हातातून होल्डर काढून घेतला होता. गीतांजली बाटली घेऊन आली, माझ्या पाया पडली आणि म्हणाली, "उतरा बाबा, गाडी निघंल." मी खाली उतरलो. खिडकीखाली उभा राहून मघाशी काय बोललो ते तिला सांगावं असं फार वाटलं, पण ड्रायव्हरने गाडी मागे घेतली आणि मला बाजूला सरकावं लागलं.